ज्येष्ठांच्या प्रवास सवलती : पुण्यातून निघताना नक्की कुठे आणि किती वाचतात?

खिडकीची_सीट
वडील ६७, आई ६३, मामा ७६. तिघांना मिळून तीन प्रवास करायचे आहेत : स्वारगेटहून कोल्हापूर, पुण्याहून नागपूर (लग्न) आणि लोहगावहून दिल्ली. नेटवर शोधलं तर 'रेल्वेत बायकांना ५८ पासून अर्धं तिकीट' इथपासून 'एसटीत स्मार्ट कार्डाशिवाय सवलत नाही' इथपर्यंत सगळं सापडतं. त्यातलं चालू काय, बाद काय, पत्ता लागत नाही. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. 'मुलांनी खर्च करावा की' हे उत्तर नको, ते घरात मिळालंय.

घाटमाथा
एसटीपासून सुरू करतो, कारण घसघशीत म्हणावी अशी सवलत आज तिथेच उरली आहे. तिघांचं तीन प्रकारे होईल.

मामांना ७५ पूर्ण झालीत, म्हणजे 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजना. ऑगस्ट २०२२ पासून चालू आहे. लाल परीपासून शिवनेरीपर्यंत सगळ्या गाड्यांत भाडं शून्य. वडील ६५ ते ७५ मध्ये बसतात, त्यांना अर्धं तिकीट. आई ६३ च्या, म्हणजे एसटीच्या लेखी अजून ज्येष्ठ नाहीत, पण १७ मार्च २०२३ पासून 'महिला सन्मान' योजनेत वय कितीही असलं तरी बायकांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे त्यांनी ज्येष्ठ म्हणून तिकीट मागूच नये, महिला सन्मानमधलं मागावं. वय दाखवायचा प्रश्नच मिटतो.

भाड्याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. साध्या गाडीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं आणि जानेवारी २०२५ च्या वाढीनंतर (१४.९५ टक्के) एका टप्प्याला १० रुपये ५ पैसे पडतात. कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर धरा, ३९ टप्पे झाले, ३९० च्या आसपास पूर्ण तिकीट. वडील आणि आई मिळून एका पूर्ण तिकिटात जातात, मामा फुकट. तिघांचं जाणं चारशेच्या आत. स्वारगेटला उतरून घरी जायची रिक्षा कधीकधी याच्या जवळपास जाते, तो विषय वेगळा.

मुळाकाठ
घाटमाथा यांच्या उत्तरात एक भर. ७५ च्या पुढच्यांनाही तिकीट घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं. बरेच जण आधार दाखवून नुसते बसतात, कंडक्टर गर्दीत मान डोलावून पुढे जातो आणि मग मध्येच तपासनीस चढला की हातात काहीच नसतं. मशीनमधून शून्य आकडा छापलेली चिठ्ठी निघते, ती मागून घ्यायची आणि उतरेपर्यंत जपायची. महामंडळालाही त्या चिठ्ठीवरूनच सरकारकडून पैसे मिळतात, त्यामुळे कंडक्टर ती द्यायला नाखूश नसतो, फक्त घाईत असतो.

दुसरं, विनावाहक गाड्या. स्वारगेटहून कोल्हापूर, सातारा अशा काही गाड्यांत कंडक्टर नसतो. तिकीट फलाटावरच्या किंवा आतल्या खिडकीतून घेऊनच चढायचं. तिथे रांगेत उभं राहून खिडकीशी पोचल्यावर पिशवीत आधार शोधू नये. कार्ड आधी हातात, मग 'एक अमृत, एक ज्येष्ठ, एक महिला, कोल्हापूर' असं एका दमात सांगा. 'तीन कोल्हापूर' म्हटलंत की बटण पूर्ण तिकिटाचं दाबलं जातं, आणि एकदा छापलेलं तिकीट बदलून घेताना मागची रांग तुमचा उद्धार करते.

कर्वेनगरी
शिवशाही, शिवनेरीत पण पूर्ण निम्मं का? बिल बघितलं की निम्म्यापेक्षा जास्त दिसतं.

मुळाकाठ
सवलत मूळ भाड्यावर असते. आरक्षण आकार, अपघात सहायता निधीचा रुपया, वातानुकूलित गाडीवरचा जीएसटी हे सगळं सवलतीबाहेर. म्हणून ५०० च्या तिकिटाचे बरोबर २५० होत नाहीत, थोडे वर जातात. आरक्षण करून जाणाऱ्या ७५ वरच्यांनाही याच कारणाने शून्याऐवजी छोटी रक्कम भरावी लागते. ती फसवणूक नाही. गर्दीचे दिवस सोडले तर कोल्हापूरला आरक्षणाची गरजही पडत नाही, स्वारगेटला गाड्या सतत लागतात.

घाटमाथा
आणि दोन हद्दी लक्षात ठेवा. एक, सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुणे-बेळगाव गाडीत कागलच्या पुढच्या टप्प्यांचं भाडं पूर्ण लागतं, पणजीच्या गाडीतही सीमेनंतर तसंच. दोन, एसटी जिथे शहर बस चालवते तिथे ही मोफत योजना लागू नाही.

बाजीराव_रोड
६० ते ६४ च्या पुरुषांचं काय? ना इकडचे ना तिकडचे.

घाटमाथा
एसटीत त्यांना वयाची सवलत नाही, ही वस्तुस्थिती. पण जुलै २०२५ पासून महामंडळाने १५० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण केल्यास पूर्ण तिकीटवाल्यांना १५ टक्के सूट जाहीर केली आहे. दिवाळी आणि उन्हाळी गर्दीचा हंगाम त्यातून वगळलेला. आधीच सवलतीचं तिकीट असलेल्यांना ही सूट नाही. म्हणजे नेमकी तुम्ही म्हणताय त्या वयाच्या पुरुषांच्या कामाची. त्यांनी खिडकीवर उभं न राहता ॲपवरून आधी काढावं.

'आवडेल तेथे प्रवास' पास मात्र ६५ च्या पुढच्यांनी हिशेब केल्याशिवाय घेऊ नये. तो चार किंवा सात दिवसांचा असतो, दर प्रौढ आणि मुलं असाच. जो आधीच अर्ध्या तिकिटात फिरतो त्याला पास वसूल करायला इतरांच्या दुप्पट अंतर कापावं लागतं. सात दिवसांत तेवढी एसटी सोसणारा ज्येष्ठ विरळा.

टिकटिक
रेल्वेचं मी लिहिते. सगळ्यात आधी जळमटं काढू.

पुरुषांना ६० पासून ४० टक्के आणि महिलांना ५८ पासून ५० टक्के ही सवलत २० मार्च २०२० ला थांबवली, ती पुन्हा सुरू झालेली नाही. दर दोनतीन महिन्यांनी 'अमुक तारखेपासून परत सुरू' असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो, खाली एक लिंक असते. ती उघडू नका. संसदेत प्रश्न आला की मंत्र्यांचं उत्तर ठरलेलं आहे : प्रत्येकच प्रवाशाला सरासरी ४५-४६ टक्के सवलत आधीच मिळते. एखादा एजंट 'काकांची सीनियर सवलत लावून देतो' म्हणाला तर तो एक तर २०१९ मध्ये राहतोय किंवा तुम्हाला तिथे नेतोय.

चालू आहे तो लोअर बर्थचा कोटा. पुरुष ६० आणि पुढे, महिला ४५ आणि पुढे. हो, ४५. आयआरसीटीसीवर कोट्याच्या यादीत 'लोअर बर्थ / सीनियर सिटिझन' असं निवडायचं. एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन माणसं, आणि दोघंही त्या वयात बसणारी हवीत. स्लीपरच्या एका डब्यात असे सहासात बर्थ, थर्ड एसीत चारपाच, सेकंड एसीत तीनचार.

इथे लोक काय चुकतात ते सांगते, कारण रोजचं आहे. घरातली पाच माणसं एकाच तिकिटावर टाकतात, त्यात दोन ज्येष्ठ. मग कोटा लागतच नाही, सामान्य कोट्यातून जे येईल ते येतं आणि आजींना वरचा बर्थ मिळतो. ज्येष्ठ दोघांचं तिकीट वेगळं काढा, बाकीच्यांचं वेगळं. डबा कदाचित निराळा येईल, पण रात्री साखळी धरून वर चढण्यापेक्षा सकाळी डबा ओलांडून चहा नेणं सोपं.

या धाग्यात तीन ज्येष्ठ आहेत : दोघांचं एक तिकीट आणि मामांचं स्वतंत्र एक. तिघं एकत्र टाकलीत तर कोटा गेला.

बाजीराव_रोड
पण यात पैसे कुठे वाचले? बर्थ मिळाला, सवलत नाही. विषय सवलतीचा आहे.

टिकटिक
खालच्या बर्थची खात्री नाही म्हणून लोक ज्येष्ठांचं तिकीट सेकंड एसीचं काढतात, तिथे मधला बर्थ नसतो एवढ्यासाठी. कोट्यातून थर्ड एसीत किंवा थंडीच्या दिवसांत स्लीपरमध्ये खालचा बर्थ मिळाला तर वर्गच खाली येतो. सेकंड एसीवरून स्लीपरला आलात तर फरक जुन्या ४० टक्क्यांच्याही वर जातो. रेल्वेत ज्येष्ठांचे पैसे वाचतात ते असे.

नागपूरचं उदाहरण घ्या. एसटीने अंतर सातशेच्या वर, वरच्या हिशेबाने पूर्ण तिकीट बाराशेच्या आसपास, अर्धं सहाशे. स्लीपरचं पूर्ण तिकीट याच्या खाली येतं, शिवाय आडवं पडून जाता येतं. सवलतीच्या नादात वडिलांना रात्रभर बसमध्ये बसवू नका. मामांचं भाडं एसटीत शून्य आहे हे खरं, पण ७६ व्या वर्षी चौदापंधरा तास बस, हा निर्णय मी तरी घेणार नाही.

अजून एक सावधगिरी : ऑगस्ट २०२५ पासून पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारत आहे, दिवसाची आणि झकास. पण बारा तास खुर्चीत. तिथे बर्थच नाही तर कोटा कुठला? पाठ-कंबरेचा त्रास असलेल्यांना रात्रीची गाडी बरी.

घाटमाथा
टिकटिक यांना अनुमोदन. बुकिंग करताना दोन चौकटी बघायच्या. 'ऑटो अपग्रेडेशन'ची खूण काढून टाका. फुकट वरचा वर्ग मिळतो म्हणून लोक खूश होतात, पण अपग्रेड झाल्यावर खालचा बर्थ खालचाच राहील याची हमी नाही. आणि कोटा संपला असेल तर सामान्य कोट्यातून काढताना 'किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा' हा पर्याय असतो, तो लावा. नाही मिळाला तर तिकीट निघत नाही, दुसरी गाडी बघता येते.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होतं). लोअर बर्थ कोटा तत्काळमध्ये नाही. म्हणून ज्येष्ठांसाठी 'बघू, तत्काळमध्ये काढू' हे धोरण सगळ्यात महाग : जादा आकारही जातो आणि बर्थही वरचा येतो. त्यात जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, म्हणजे वडिलांचं पाच वर्षं न उघडलेलं खातं ऐनवेळी चालणार नाही.

ताम्हिणी
किरकोळ वाटेल, पण आयआरसीटीसीचा सुविधा आकार प्रत्येक तिकिटाला लागतो : यूपीआयने नॉन-एसीला १० आणि एसीला २० रुपये, कार्डाने १५ आणि ३०, वर जीएसटी. दोन तिकिटं फोडलीत की दोनदा. तेवढं द्या आणि फोडाच, फक्त यूपीआयने भरा. पुणे स्टेशनच्या खिडकीवर हा आकार नाही. पण तिथे फॉर्मवर वय लिहायचं आणि लोअर बर्थच्या रकान्यात खूण करायची, दोन्ही. नुसतं वय लिहून गप्प बसू नका, तोंडीही सांगा.

आरोग्यरेषा
रेल्वेत वयाची सवलत गेली तरी आजाराची आणि दिव्यांगांची चालू आहे, आणि ती वापरणारे फार कमी. ज्येष्ठांमध्ये यांचं प्रमाण जास्त, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅन्सरचा रुग्ण उपचाराला किंवा तपासणीला जात असेल तर स्लीपर आणि थर्ड एसीत १०० टक्के, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी चेअर कारला ७५, फर्स्ट आणि सेकंड एसीत ५० टक्के. सोबतच्या एका माणसाला स्लीपर, थर्ड एसीत ७५, बाकी रुग्णासारखंच. हृदयशस्त्रक्रियेला जाणारे, मूत्रपिंड प्रत्यारोपण किंवा डायलिसिसला जाणारे : स्लीपर, थर्ड एसी, चेअर कारला ७५ आणि वरच्या दोन एसी वर्गांत ५०, सोबतच्या एकाला तेवढंच.

कागद असा : रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचं प्रमाणपत्र, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. साध्या लेटरहेडवर 'टू हूम सो एव्हर' चालत नाही, खिडकीवरून परत पाठवतात. नमुना रेल्वेच्या संकेतस्थळावरून छापून रुग्णालयात न्या, तिथे तो असेलच असं नाही. हे तिकीट खिडकीवरच निघतं, ऑनलाइन नाही. मुंबईला टाटा रुग्णालयात नियमित जाणाऱ्या पुण्यातल्या कुटुंबांना याचा मोठा आधार आहे.

सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला, पूर्ण दृष्टिहीनांना सेकंड, स्लीपर, थर्ड एसी, चेअर कारमध्ये ७५ टक्के, सोबत्यालाही. यासाठी रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र काढावं लागतं, त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो. एकदा कार्ड आलं की तिकीट घरबसल्या निघतं. वयामुळे गुडघे गेले एवढ्यावर हे मिळत नाही, त्या प्रकारात बसणारं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

खिडकीची_सीट
हे माहीतच नव्हतं. मामांचं डायलिसिस नाही, पण शेजारच्यांना सांगतो. दिल्लीच्या विमानाबद्दल कोणी?

टेकऑफ_लोहगाव
विमानात ज्येष्ठ म्हणजे ६० पूर्ण, बाई-बुवा भेद नाही. तिघंही बसतात.

'ज्येष्ठांना २५ टक्के' असं वाचलंत तर पुढचे दोन शब्दही वाचा : मूळ भाड्यावर. एअर इंडियाची सवलत मूळ भाड्यावर २५ टक्क्यांपर्यंत आहे, इंडिगोची एक आकडी. समजा दाखवलेलं तिकीट ६,००० चं आहे. त्यात मूळ भाडं ४,५०० आणि बाकी विमानतळ शुल्क, कर, इंधन वगैरे. २५ टक्के म्हणजे ११२५. तिकीट ४,८७५ ला पडलं, म्हणजे सूट एकूण रकमेच्या १९ टक्क्यांच्या आतबाहेर. वाईट नाही. पण त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं साधं तिकीट ४,६०० ला असेल तर ही सवलत म्हणजे महाग दुकानातला सेल.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सगळ्या कंपन्यांची साधी तिकिटं एका पडद्यावर बघा. मग त्यातल्या स्वस्त दोघांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन प्रवासी प्रकारात 'सीनियर सिटिझन' निवडून शेवटच्या पानापर्यंत जा, पैसे भरायच्या आधीचा आकडा लिहून घ्या. तिकीट विकणाऱ्या त्रयस्थ संकेतस्थळांवर ज्येष्ठ निवडता येतं, पण त्यांचा सुविधा आकार सवलतीचा बराच भाग खातो. सामान किती, तारीख बदलायला किती, हेही त्याच पानावर बघा. लग्नसमारंभ असेल तर तारीख बदलण्याची मुभा असलेलं भाडं दोनतीनशे जास्त असलं तरी परवडतं.

काय बिघडतं? एक, एका तिकिटावर मुलगा आणि आईवडील एकत्र टाकून सगळ्यांना 'सीनियर' निवडलं जातं. दारात वयाचा पुरावा मागतात. नसेल तर भाड्याचा फरक, किंवा भाडंच बुडून फक्त कर परत, असे नियम असतात. दोन, नाव. आधारवर 'सुमन वसंत अमुक' आणि तिकिटावर नुसतं 'सुमनताई'. हे तिकीट काढतानाच जुळवा.

व्हीलचेअर फुकट असते, तिकीट काढताना मागा किंवा किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा. लोहगावचं नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू आहे आणि चालणं वाढलंय. ही सवलत नाही, पण पैशात मोजायची तर गुडघ्याच्या डॉक्टरची फी वाचते.

बाजीराव_रोड
म्हणजे विमानाची सवलत फसवी.

टेकऑफ_लोहगाव
फसवी नाही. गर्दीच्या दिवसांत, जेव्हा सगळ्यांचीच भाडी चढलेली असतात आणि मूळ भाड्याचा वाटा मोठा असतो, तेव्हा ती चांगली लागते. सहा आठवडे आधी मंगळवार-बुधवारची स्वस्त सीट काढणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. त्याने तारखेतूनच वाचवलेलं असतं.

कर्वेनगरी
गावातल्या गावात? पीएमपी आणि मेट्रो?

पासधारक
मेट्रोत ज्येष्ठांसाठी वेगळी सवलत नाही. विद्यार्थ्यांना ३० टक्के आहे. शनिवार-रविवार सगळ्यांनाच ३० टक्के, आणि इतर दिवशी मेट्रो कार्ड वापरलं तर १०. भाडं १० ते ३५ च्या मध्ये, त्यामुळे दहा टक्के म्हणजे चिल्लर. पण कार्डाचा खरा फायदा खिडकीची रांग टळते हा. बँका, दवाखाना सोडून भेटीगाठी शनिवार-रविवारी ठेवल्या तर ३० टक्के आपोआप.

पीएमपीचं भाडं १ जून २०२५ पासून टप्प्यांचं झालं : ५ किलोमीटरपर्यंत १०, १० पर्यंत २०, १५ पर्यंत ३० रुपये, असं पुढे. दोन्ही महापालिकांच्या हद्दीचा दिवसाचा पास ७०, महिन्याचा १,५००. २० रुपयांच्या चार फेऱ्या झाल्या की दिवसाचा पास वसूल. ज्येष्ठांचा मासिक पास वेगळा आहे आणि या १,५०० च्या बऱ्याच खाली. तो पास केंद्रावर आधार आणि फोटो देऊन काढतात. रोज एक जाणं-येणं असेल तरच घ्या. आठवड्यातून दोनदा मंडईत जाणाऱ्याला सुटं तिकीटच स्वस्त.

ताम्हिणी
गाडीने जाणाऱ्यांसाठी : टोलला वयाची सवलत नाही, कितीही ज्येष्ठ असा. ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅग वार्षिक पास आहे (सुरुवातीला ३,००० रुपये), खासगी कारसाठी, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. खेड शिवापूरला चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला नाही, तो राज्याच्या महामंडळाचा रस्ता. वर्षातून दोनदा कोल्हापूरला जाणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये.

खासगीवाला
खासगी बसबद्दल एक ओळ. तिथे ज्येष्ठ सवलत कायद्याने नाही, मिळाली तर ॲपचं कूपन. पण कमाल भाड्याची मर्यादा आहे : एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार त्याच प्रकारच्या एसटीच्या दीडपट. दिवाळीत त्याहून जास्त मागितलं तर तिकिटाचा फोटो आणि गाडीचा क्रमांक घेऊन आरटीओकडे तक्रार करता येते.

रेवा_सहकारनगर
माझ्या सासूबाईंचं आधार बघितलं, त्यावर पूर्ण जन्मतारीख नाही, फक्त साल. एसटीत चालेल का?

मुळाकाठ
इथे सगळ्यात जास्त वाद होतात. फक्त साल असेल तर ६५ किंवा ७५ च्या वर्षात कंडक्टर 'पूर्ण झालीत का' विचारतो आणि उत्तर कार्डावर नसतं. पुढची वर्षं अडचण येत नाही. दुसरं ओळखपत्र, म्हणजे पॅन, पासपोर्ट, मतदार कार्ड, वाहन परवाना, यापैकी ज्यावर पूर्ण तारीख आहे ते सोबत ठेवा. डिजिलॉकरमधलं चालतं, पण बसमध्ये नेटवर्क नसताना ते उघडत बसण्यापेक्षा छापील कार्ड बरं.

तारीख दुरुस्त करायची असेल तर आधार केंद्रात अर्ज, शुल्क ७५ रुपये (ऑक्टोबर २०२५ पासून). जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून पुरावा पक्का असल्याशिवाय हात लावू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख आणि पॅनवरची तारीख वेगळी असणं आपल्या आईवडिलांच्या पिढीत सर्रास. आधी सगळे कागद समोर मांडा, पेन्शन कुठल्या तारखेवर आहे ते बघा, मग ती एकच तारीख सगळीकडे न्या. एसटीच्या दीडशे रुपयांसाठी पेन्शनची नोंद बिघडवून घेऊ नका.

अटलांटिक_आजोबा
मुलांकडे परदेशी जाणारे इथे बरेच असतील, त्यांच्यासाठी. तिथल्या 'सीनियर' सवलतींत दोन जाती आहेत : वयावर मिळणाऱ्या आणि रहिवाशांनाच मिळणाऱ्या. पाटी दोन्हींची सारखीच असते.

अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक रेल्वे ६५ च्या वर बहुतेक गाड्यांत १० टक्के देते, पासपोर्टवरचं वय पुरतं. पण राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास (६२ च्या वर, आयुष्यभराचा ८० डॉलर) फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांनी तो मागू नये.

ब्रिटनमध्ये उलटं. ६० च्या वरच्यांचं सीनियर रेलकार्ड कोणीही घेऊ शकतो, तिथला रहिवासी असावं लागत नाही. वर्षाला ३५ पौंड आणि बहुतेक भाड्यांवर एकतृतीयांश सूट. १०५ पौंडांची तिकिटं झाली की वसूल. लंडन ते एडिंबरा जाऊन-येऊन दोघं असाल तर दोन्ही कार्डं पहिल्याच फेरीत सुटण्याची शक्यता बरीच. सकाळच्या गर्दीच्या वेळी लंडनच्या आसपास ते चालत नाही. लंडनचं ६० वर्षांवरचं फुकट ऑयस्टर (शहरातल्या बस-रेल्वेचं कार्ड) मात्र लंडनकरांनाच. आपल्याला नाही.

सेवाभावी
तीर्थयात्रेचं कोणी लिहिलं नाही. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना (जुलै २०२४) : वय ६० च्या वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, यादीतल्या एका तीर्थस्थळासाठी एकदाच, माणशी ३० हजारांपर्यंत खर्च सरकारचा. ७५ च्या वर असल्यास एक सहायक नेता येतो. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. अर्ज खुले झाल्यावर तहसीलमध्ये धावणाऱ्यांचा दाखला येईपर्यंत मुदत संपलेली असते.

खिडकीची_सीट
सगळ्यांचे आभार. म्हणजे कोल्हापूर एसटीने, नागपूर रेल्वेने दोन तिकिटं फोडून, दिल्लीला आधी साधी भाडी बघून. एकच राहिलं : नागपूरला जाताना कोट्यातून दोघांना लोअर मिळाला, पण मामांच्या वेगळ्या तिकिटाला कोटा संपलेला दिसला तर?

टिकटिक
उलट्या क्रमाने काढा. मामांचं एकट्याचं आधी, त्यांना गरज जास्त. मग आई-वडिलांचं. कोटा अर्ध्यावर संपला तर वडिलांना मधला बर्थ चालतो का ते आधी विचारून ठेवा. चालत नसेल तर त्याच दिवशीची दुसरी गाडी, पण मग मामांचंही त्याच गाडीत हलवावं लागेल, रद्द करण्याचा आकार जाईल. म्हणून बटण दाबण्याआधी दोन खिडक्या उघडून दोन्ही गाड्यांचा कोटा बघा. आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी ८ ला बसलात तर बहुतेक ही वेळ येत नाही. त्या दिवशी ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं, ते आदल्या रात्री तपासून घ्या.